बंब, टाकी आणि दोन नळ

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गटांच्या अध्यक्षा, सचिव, सीआरपी ताई, आणि हातातलं काम चालू ठेवून ऐकणाऱ्या काकू-मावश्या, सगळ्यांना माझा नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी आपण हप्ते, व्याज, फिरता निधी यांवर बोलतो. आज बोलूया गरम पाण्यावर.

हा विषय का, ते आधी सांगते. आपल्या भागात पाहुणे वाढलेत. कोथळीगडाला येतात, खांडसवरून भीमाशंकर चढतात, कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला जातात. पावसात भिजून खाली उतरले की पहिली मागणी चहाची आणि दुसरी गरम पाण्याची. काही गट घरगुती मुक्कामाची सोय करू लागलेत, काही करायच्या विचारात आहेत. जेवणाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण वीस माणसांना सकाळी सात ते नऊमध्ये आंघोळीचं पाणी द्यायचं म्हणजे तीन चुली, सहा पातेली, आणि उकळतं पाणी उचलून मोरीपर्यंत धावणारी एक बाई. ही बाई घसरली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

यावर उपाय आहे. लाकडावर चालणारा बंब, त्याला जोडलेली गरम पाण्याची साठवण टाकी, आणि तिथून न्हाणीपर्यंत नळ. यातलं काहीच नवीन नाही. पण जोडणी चुकली तर पाणी तापत नाही, लाकूड जास्त जातं, आणि वाईटात वाईट म्हणजे बंब फुटतो. ही कामं मिस्त्रीवर सोडून आपण बाजूला होतो. पैसे मात्र गटाच्या कर्जातून जातात आणि रोज जाळ घालणार असतो आपणच. म्हणून जोडणी कशी असते, ते आपल्याला कळलं पाहिजे.

सुरुवात आजीच्या तांब्याच्या बंबापासून करू. मधोमध धुरांडं, खाली जाळी, भोवती पाणी. वर नरसाळं असायचं. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर पडायचं. ओतलेलं गार पाणी आतल्या नळीतून थेट तळाशी जायचं आणि माथ्यावरचं गरम पाणी ढकललं जायचं. पाणी तापलं की हलकं होतं आणि वर चढतं, गार पाणी जड, ते खाली बसतं. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता बंबाच्या शेजारी, पण त्याच्यापेक्षा उंचावर, एक टाकी ठेवा. बंबाच्या माथ्यावरून एक नळ निघून टाकीच्या वरच्या भागात जातो. टाकीच्या तळातून दुसरा नळ निघून बंबाच्या तळाशी येतो. खाली जाळ घातला की बंबातलं पाणी तापून पहिल्या नळाने वर चढतं आणि टाकीतलं गार पाणी दुसऱ्या नळाने खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही. लाइट गेली तरी फिरणं चालूच. गच्चीवरचे सोलर बंब पाहिले असतील, त्यांतही टाकी वर आणि तापणाऱ्या नळ्या खाली असतात. कारण हेच.

हे पाणी नीट फिरायला तीन गोष्टी लागतात. पहिली, टाकीचा तळ बंबाच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर हवा. दुसरी, बंब आणि टाकी यांच्यामधले दोन्ही नळ आखूड आणि जाड हवेत, निदान एक इंची. गरम पाण्याचा वर चढायचा जोर फार थोडा असतो, बारीक नळात तो संपून जातो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वर जाणारा नळ बंबापासून टाकीपर्यंत सतत चढता हवा. दर फुटाला निदान अर्धा इंच चढ. मध्येच नळ वर जाऊन पुन्हा खाली आला, तर त्या उंचवट्यात हवा अडकते आणि पाणी तिथेच थांबतं. मग बंब गुरगुरतो, उकळतो, आणि टाकी गारच राहते. नळ भिंतीवर बसवायच्या आधी एक दोरी ताणून बघा. डोळ्यांनाच चढ दिसतो.

इथे एक सावधगिरी. आजीचा नरसाळ्याचा बंब या जोडणीला तसाच वापरता येत नाही. त्याचं तोंड उघडं असतं. टाकी वर गेली की पाणी नरसाळ्यातून बाहेर सांडणार. बंद माथ्याचा, वर आणि खाली सॉकेट असलेला बंब घ्यायचा. घेतल्यावर जोडणी करून पाणी भरा आणि जाळ न घालता एक रात्र तसाच ठेवा. सकाळी सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवा. फडकं ओलं झालं तर बंब परत द्या.

आता टाकी केवढी हवी? हा हिशेब गटाच्या वहीत मांडण्यासारखा आहे. आंघोळीला एका माणसाला वीस लिटर पाणी धरू, म्हणजे एक मोठी बादली, आणि ते चाळीस अंशाचं. साठवलेलं पाणी साठ अंशाचं आणि थंडीच्या दिवसांत नळाचं पाणी वीस अंशाचं धरलं, तर निम्मं गरम आणि निम्मं गार मिसळून बरोबर चाळीस होतं. म्हणजे माणशी दहा लिटर गरम पाणी. वीस पाहुण्यांना २०० लिटर. टाकीतलं शेवटचं थोडं पाणी गार पाण्यात मिसळून कोमट होतं, म्हणून २५० लिटरची टाकी घ्यावी. टाकी आडवी घेण्यापेक्षा उभी घ्या. उभ्या टाकीत गरम वर आणि गार खाली हे थर चांगले टिकतात.

आता लाकडाचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. २५० लिटर पाणी वीसवरून साठ अंशावर न्यायचं, म्हणजे चाळीस अंश. २५० गुणिले ४०, झाले १०,०००. चांगलं वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी देतं. मधून धुरांडं गेलेल्या चांगल्या बंबात त्यातली निम्मी पाण्याला लागते असं धरू, म्हणजे १,७५०. दहा हजार भागिले १,७५०, साधारण सहा किलो लाकूड. हेच पाणी उघड्या तीन दगडांच्या चुलीवर तापवलं, तर उष्णतेचा सातातला एकच भाग पाण्याला मिळतो असं धरा. मग लागतात वीस किलो. वीस किलो म्हणजे डोक्यावरची एक मोळी. ती मोळी आणायला लागणारी सकाळ कुणाची असते, ते आपल्याला माहीत आहे.

पण हा हिशेब वाळलेल्या लाकडाचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच असतं. जाळ आधी ते पाणी आटवतो, मग आपलं पाणी तापवतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि गरम पाण्याची खरी गरजही तेव्हाच. म्हणून आगोटीच्या बेगमीत जसे पापड आणि सुकी मासळी, तसं बंबाचं लाकूडही. मनगटाएवढं फोडून, पावसाआधी दोन-तीन महिने वाळवून, पडवीत जमिनीपासून वीतभर वर रचून ठेवायचं. हिरवं झाड तोडायचं नाही. आंब्याची छाटणी, शेवरी, पडलेल्या फांद्या, एवढं पुरतं. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूड मात्र जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो.

टाकी कसली घ्यायची? प्लास्टिकची काळी टाकी गरम पाण्याला चालत नाही, ती मऊ पडते. स्टेनलेस स्टीलची घ्या. आणि तिला गोधडी हवी. उघडी पत्र्याची टाकी रात्री साठ अंशाची असली तर सकाळपर्यंत चाळिसाच्याही खाली येते. भोवती दोन इंच काचलोकर किंवा रॉकवूल गुंडाळलं, तर चार-पाच अंशच उतरते. म्हणजे संध्याकाळी पाणी तापवून ठेवलं तर पहाटे उठून जाळ घालायला नको. आपल्याकडे भात पिकतो, तर भाताची तुसंही चालतात. टाकीभोवती पत्र्याची पेटी करून चार इंच तुसं भरा. मात्र दोन अटी. तुसं पूर्ण कोरडी राहिली पाहिजेत, आणि पेटी धुरांड्यापासून लांब हवी, कारण तुसं पेट घेतात. आणखी एक. २५० लिटर पाणी म्हणजे २५० किलो वजन. कौलारू घराच्या वाशांवर ते ठेवायचं नाही. विटांचे खांब किंवा लोखंडी अँगलचा स्टँडच हवा.

गरम टाकीत गार पाणी कुठून येणार? तिच्याहून वर असलेल्या गार पाण्याच्या टाकीतून. तो नळ गरम टाकीच्या तळाशी जोडायचा आणि न्हाणीला जाणारा गरम नळ टाकीच्या माथ्यावरून काढायचा. नरसाळ्याच्या बंबाचाच नियम. तोटी उघडली की खाली गार पाणी शिरतं आणि वरचं गरम बाहेर पडतं. याचा दुसरा फायदा असा, की गार टाकी रिकामी झाली तर तोटीचं पाणी थांबतं, पण गरम टाकी आणि बंब भरलेलेच राहतात. कोरड्या बंबाखाली जाळ पेटत नाही.

उंचीने पाण्याला जोर येतो, हे आपल्या भागाला सांगायला नको. खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून टाटांची वीजघरं घाटावरून खाली आणलेल्या पाण्याच्या जोरावर चालतात. आपली उंची लहान. तोटीपेक्षा गार टाकीतलं पाणी दहा फूट वर असेल, तर बादली भरायला पुरेसा जोर मिळतो. शॉवरचा झोत मिळणार नाही, पाहुण्यांना तसं आधीच सांगा. घर डोंगरउतारावर असेल तर गार टाकी वरच्या अंगाला बांधा, स्टँडचा खर्च वाचेल. मात्र जोर वाढवायला या नळावर पंप बसवू नका. बंबाचा पत्रा पातळ असतो आणि सांधे झाळलेले असतात. तो दाब सोसायला केलेला नाही.

आता जिवाची गोष्ट. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं २०० लिटर पाणी ८० अंशांवर गेलं की साधारण पाच लिटरने वाढतं. आणि उकळून वाफ झाली तर एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून गरम टाकीच्या माथ्यावरून एक उघडा नळ सरळ वर न्यायचा, गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान दोन फूट उंच, आणि त्याचं तोंड खाली वळवायचं. याला आपण हवानळ म्हणू. एवढा उंच का? गरम पाणी हलकं असल्यामुळे हवानळात त्याची पातळी गार टाकीपेक्षा तीन-चार इंच वर चढते. नळ बुटका ठेवला तर सारखं पाणी गळत राहतं.

आणि गळतं म्हटलं की काय होतं, ते ऐका. एका फार्महाऊसवर हवानळ बुटका बसवला होता. पाणी ठिबकायचं. तक्रार आली तेव्हा कामगाराने नळ वाढवण्याऐवजी तोंडाला बूच मारलं. गार पाण्याच्या नळावर परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह आधीच बसवलेला होता. म्हणजे पुढची वाट बंद आणि मागचीही. भर जाळात बंबाचा सांधा फाटला आणि उकळतं पाणी पडवीभर उडालं. तिथे काम करणारी आपली एक मैत्रीण दोन मिनिटांपूर्वी लाकूड आणायला मागे गेली होती, म्हणून वाचली. तेव्हा हे पाठ करा. हवानळावर व्हॉल्व्ह नाही, तोटी नाही, बूच नाही. बंब आणि टाकी यांच्यामधल्या दोन नळांवरही व्हॉल्व्ह नाही.

नळ कसले वापरायचे तेही बघू. साधा पांढरा किंवा करडा पीव्हीसी नळ गरम पाण्यात वाकतो. बंब ते टाकी आणि हवानळ, हे सगळं जीआयचं किंवा तांब्याचं हवं. टाकीपासून न्हाणीपर्यंत पिवळसर सीपीव्हीसी चालतो. तांब्याचा बंब आणि जीआयचा नळ थेट जोडू नका. दोन धातू पाण्यात एकत्र आले की जीआय लवकर खातो. मध्ये पितळेचा तुकडा घाला. बंबाजवळ दोन्ही नळांना युनियन ठेवा, म्हणजे दुरुस्तीला बंब सोडवता येतो. सगळ्यात खालच्या जागी, बंबाच्या तळाला, एक निचऱ्याची तोटी हवी. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचतात. महिन्यातून एकदा, बंब गार असताना, त्या तोटीतून बादलीभर पाणी जोरात सोडायचं.

न्हाणीकडे जाणारा नळ मात्र जाड नको. एक इंची नळाच्या तीस फुटांत साडेचार लिटर पाणी मावतं, अर्ध्या इंचीत फक्त सव्वा लिटर. नळातलं पाणी गार होऊन बसतं आणि दर वेळी तेवढं आधी सोडावं लागतं. म्हणून टाकी न्हाण्यांच्या जवळ ठेवा. मुख्य नळ पाऊण इंची, फाटे अर्ध्या इंची, आणि वरून फोमचं वेष्टण.

बंब कुठे ठेवायचा? न्हाणीत कधीच नाही. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. बंब बाहेर, पत्र्याच्या शेडखाली, चहूबाजूंनी वारं खेळेल असा हवा. धुरांडं वळचणीच्या वर दोन-तीन फूट न्या.

आणि तोटी. साठ अंशाचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. गरम तोटीला लाल रंग द्या आणि ती मुलाच्या हाताला येणार नाही एवढ्या उंचीवर बसवा. बादलीत आधी गार, मग गरम. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या न्हाणाला पाणी कोपराने तपासूनच घ्यायचं. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको. मग दवाखाना.

काम झाल्यावर तपासणी आपण करायची. पहिल्यांदा भरताना सगळ्या तोट्या उघड्या ठेवा. प्रत्येकीतून अखंड धार आली की बंद करा. मग जाळ. दहा-पंधरा मिनिटांनी बंबाजवळच्या दोन्ही नळांना फडक्यातून हात लावा. वरचा गरम आणि खालचा गार असेल तर पाणी फिरतंय. बंब गुरगुरतोय आणि वरच्या नळाचं टाकीकडचं टोक गारच आहे, तर नळात हवा अडकली आहे. जाळ ओढून घ्या आणि मिस्त्रीला बोलवा. शेवटचे पैसे ही तपासणी झाल्यावरच द्यायचे.

मिस्त्री आला की त्याला पाच प्रश्न विचारा. टाकीचा तळ बंबाच्या माथ्यापेक्षा किती वर आहे? वर जाणारा नळ कुठे वाकतो का? हवानळ गार टाकीच्या पाण्यापेक्षा किती उंच आहे आणि त्याचं तोंड उघडं आहे ना? कुठल्या नळावर व्हॉल्व्ह आहे आणि का? निचऱ्याची तोटी कुठे आहे? तो हसेल कदाचित. हसू द्या. उत्तरं मात्र वहीत लिहून घ्या आणि तिघांकडून दर मागवा.

एक पुढची सोय आत्ताच करून ठेवा. टाकी बनवताना तिला दोन सॉकेट जास्त ठेवायला सांगा. उद्या गटाकडे पैसे आले तर त्याच टाकीला सोलर जोडता येईल. पावसाळ्यात ढगांमुळे सोलर कमी पडतं, तेव्हा बंब. ऑक्टोबर ते मे सोलर. मग लाकूड वर्षातले चारच महिने लागेल.

पुढच्या बैठकीला एकीने मोजपट्टी आणा, एकीने दोरी. जिथे बंब ठेवायचा विचार आहे तिथे उभं राहून उंची मोजा आणि वहीच्या मागच्या पानावर चित्र काढा. बंब, टाकी, गार टाकी, हवानळ. चित्र सुंदर यायला नको, उंची बरोबर लिहिलेली हवी. ते चित्र पुढ्यात ठेवूनच मिस्त्रीशी बोला.